शेतामधून जाणारा हक्काचा रस्ता : इंग्लंडमधील पायवाटांविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमध्ये एका गावाहून शेजारच्या गावाला शेतांमधून चालत जाण्याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. बहुतेक पत्रे मुलाबाळांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांची आहेत, तर काही तिकडे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची. सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या मुलीचे घर इंग्लंडमधील एका खेड्यात आहे. घराजवळच्या रस्त्याच्या कडेला ‘पब्लिक फूटपाथ’ असे लिहिलेला लाकडी बाण आहे आणि तो थेट एका गव्हाच्या शेताकडे वळलेला आहे. शेताच्या पलीकडे शेजारच्या गावातील चर्चचा मनोरा दिसतो. जावई म्हणतात, खुशाल जा; परंतु मालकाला न विचारता दुसऱ्याच्या शेतात शिरायला आमचे पाऊल धजत नाही. नेमका नियम काय आहे?

उत्तर : आपले जावई बरोबर सांगत आहेत. ती वाट शेतातून जात असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती रस्ताच आहे. जमीन शेतकऱ्याची असते, पण तिच्यावरून पायी जाण्यायेण्याचा हक्क सर्वांचा असतो; तो मालकाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसतो आणि जमीन विकली गेली तरी नव्या मालकाला तो तसाच मान्य करावा लागतो. एकदा सार्वजनिक ठरलेला रस्ता रीतसर आदेशाने बंद होईपर्यंत सार्वजनिकच राहतो, लोकांनी त्यावरून जाणे सोडून दिले तरीही, असे तत्त्व तेथील न्यायालये पूर्वापार मानत आली आहेत. १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांसंबंधीच्या कायद्याने प्रत्येक काउंटीच्या (म्हणजे साधारण जिल्ह्याच्या) परिषदेला अशा वाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्यास सांगितले. या नकाशावर वाट नोंदलेली असणे हाच हक्काचा निर्णायक पुरावा मानला जातो. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा नोंदलेल्या मार्गांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर आहे आणि त्यांतील मोठा भाग निव्वळ पायी चालण्याच्या वाटांचा आहे.

आपण पाहिलेला बाणही कोणी हौसेने लावलेला नाही. डांबरी रस्ता सोडून पायवाट जेथे शेतात शिरते, तेथे दिशादर्शक खांब उभारणे हे १९६८ च्या कायद्याने स्थानिक रस्ते प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. पुढे शेताशेताच्या फाटकांवर लहान बाण दिसतात. पिवळा बाण पादचाऱ्यांच्या वाटेचा, निळा घोडेस्वार आणि सायकलस्वार यांनाही मोकळ्या असलेल्या वाटेचा, जांभळट बाण मोटारींना बंदी असलेल्या जुन्या गाडीवाटेचा आणि लाल बाण सर्व वाहनांना खुल्या असलेल्या वाटेचा असतो. पायी चालणाऱ्याला चारही मोकळ्या आहेत.

मात्र आपला हक्क वाटेपुरताच आहे. चालता चालता दम खाण्यासाठी थांबणे, छायाचित्र घेणे किंवा कडेला बसून शिदोरी सोडणे हे जाण्यायेण्याच्या ओघातच धरले जाते. वाट सोडून शेतात फिरणे, तंबू ठोकणे किंवा ओढ्याकाठच्या कुरणात दुपारभर खेळ मांडणे त्यात बसत नाही. वाट सोडणे हा सामान्यतः फौजदारी गुन्हा नसून दिवाणी स्वरूपाची आगळीक आहे. मालकाने वाटेवर परत जायला सांगितले तर निमूटपणे परतावे. फाटके जशी दिसली तशीच ठेवावीत. बंद फाटक आपण गेल्यावर बंद करावे हे सर्वांना कळते. पण उघडे ठेवलेले फाटक सद्भावनेने लावून टाकले तर पलीकडच्या पाण्यापासून गुरे तुटतात, याची जाणीव बहुतेक पाहुण्यांना नसते.

प्रश्न : एप्रिलमध्ये ज्या वाटेने आम्ही शेजारच्या गावाला गेलो, ती जूनमध्ये उभ्या पिकात नाहीशी झाली होती. शिवाय पुढच्या फाटकावर ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी होती. आम्ही परत फिरलो. हे योग्य केले का?

उत्तर : परत फिरण्याची गरज नव्हती. शेताच्या मधून जाणारी वाट नांगरण्याची मुभा शेतकऱ्याला आहे, कारण ती टाळून नांगरणी करणे बहुधा सोयीचे नसते. परंतु हंगामातील पहिल्या नांगरणीनंतर १४ दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत वाट पुन्हा चालण्याजोगी करून तिची रेषा जमिनीवर दिसेल अशी ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. अधिकृत नोंदीत रुंदी दिलेली नसेल, तर अशी वाट किमान १ मीटर रुंद असावी लागते. बांधाच्या कडेने जाणारी वाट नांगरताच येत नाही आणि तिची किमान रुंदी दीड मीटर धरली जाते. वाटेवर पीक उगवू देणे हेही नियमाचे उल्लंघनच आहे. पुष्कळ शेतकरी ट्रॅक्टरच्या एकाच फेरीत पिकातून स्वच्छ पट्टा मोकळा करून ठेवतात. जे करत नाहीत, त्यांच्या शेतात आपल्यासारख्यांची पंचाईत होते.

अशा वेळी नकाशावरून वाटेची रेषा निश्चित कळत असेल, तर एकामागे एक अशा ओळीने तिच्यावरून सरळ पलीकडे जावे. पिकाचे नुकसान होईल म्हणून संकोच वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या नुकसानीचा दोष चालणाऱ्याकडे येत नाही. रेषेची खात्री नसेल, तर मात्र पिकात अंदाजाने घुसण्यापेक्षा बांधाच्या कडेने वळसा घालणे बरे; वाट अडलेली असताना त्याच मालकाच्या जमिनीवरून वाजवी वळसा घेतला, तर त्याला सहसा हरकत घेता येत नाही. घरी आल्यावर काउंटी परिषदेच्या संकेतस्थळावरील तक्रारीच्या अर्जात जागा नमूद करून कळवावे. पुढच्या माणसासाठी वाट उघडी राहते ती अशा कळवण्यामुळेच. मला तर पिकातून निर्धाराने चालण्याइतकेच हेही महत्त्वाचे वाटते.

पाटीचे म्हणाल, तर जमीन खाजगी असते हे खरेच आहे आणि तसे लिहिण्यात मालकाचे काही चुकत नाही. ती पाटी वाटेबाहेरच्या जमिनीविषयी बोलते, असे समजून पुढे जावे. मात्र नोंदलेल्या वाटेवरून लोकांनी जाऊ नये म्हणून खोटी किंवा दिशाभूल करणारी सूचना लावणे हा १९४९ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार गुन्हा आहे. याला एक अपवाद लक्षात ठेवावा. काही वाटा मालकाने केवळ परवानगीने खुल्या केलेल्या असतात. तेथे तशी पाटी असते आणि मालक ती परवानगी काढून घेऊ शकतो. परिषदेने ठरावीक मुदतीसाठी वाट बंद केल्याची सूचना असेल, तर तीही पाळलीच पाहिजे.

प्रश्न : वाटेवरच्या कुरणात गाईगुरे मोकळी असतात. माझे लहानपण गुरांमध्ये गेले आहे, तरीही गेल्या खेपेस दहाबारा जनावरे आमच्या दिशेने धावत आली तेव्हा धडकी भरली. वळू असला तर काय करावे?

उत्तर : लोक वळूला भितात आणि गाईंकडे दुर्लक्ष करतात, माझ्या मते सावधगिरी नेमकी उलट ठिकाणी हवी. वळूंच्या बाबतीत १९८१ च्या कायद्याने बरीच काळजी घेतली आहे. होल्स्टाइन, फ्रीझियन, जर्सी, गर्न्सी, एअरशायर अशा दुधाळ जातींचा १० महिन्यांवरील वळू सार्वजनिक वाट असलेल्या शेतात ठेवता येत नाही. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातींचा वळू ठेवता येतो, पण एकटा नव्हे. त्याच्यासोबत गाई किंवा कालवडी असाव्या लागतात, कारण कळपात तो शांत राहतो. म्हणून कळपात वळू दिसला म्हणजे नियम मोडलाच, असे समजू नये.

खरा धोका वासरे जवळ असलेल्या गाईंचा असतो आणि सोबत कुत्रा असेल तर तो कितीतरी वाढतो. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये. कळप वाटेवरच बसलेला असेल, तर दूरून वळसा घालून पुन्हा वाटेला लागावे. कुत्र्याला आखूड पट्ट्याने धरावे. परंतु गुरे अंगावर येऊ लागली तर पट्टा सोडून द्यावा. कुत्रा धावून निसटतो आणि गुरांचा रोख त्याच्याकडे वळतो. पट्टा धरून ठेवण्याच्या हट्टापायी मालकच तुडवले गेल्याच्या दुर्घटना तेथे घडलेल्या आहेत.

आपल्याकडे धावत आलेली जनावरे बहुधा तरुण गोऱ्हे किंवा कालवडी असावीत. हिवाळाभर गोठ्यात राहून वसंतात कुरणात सोडलेली ही जनावरे निव्वळ कुतूहलाने माणसाकडे झेपावतात आणि काही पावलांवर येऊन थबकतात. त्यांच्याकडे पाठ करून पळू नये, कारण पळणाऱ्यामागे धावणे त्यांना आवडते. थांबावे, तोंड त्यांच्याकडे करावे, हात पसरावेत, ठाम आवाजात बोलावे आणि मग संथपणे फाटकाकडे निघावे. एवढे करूनही मन घेत नसेल, तर ते कुरण टाळून दुसऱ्या वाटेने जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

प्रश्न : मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा पुरेसा होत नाही का? कागदी नकाशा घ्यायचा तर कोणता घ्यावा?

उत्तर : मोटारींसाठी केलेल्या नकाशावर शेतातील वाटा एक तर नसतात किंवा हक्काच्या आणि बिनहक्काच्या एकाच रंगात असतात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी सर्वेक्षण संस्थेचा १ : २५,००० प्रमाणाचा, नारिंगी वेष्टनाचा ‘एक्स्प्लोरर’ नकाशा घ्यावा. त्यावर ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर होतो आणि सार्वजनिक वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. आखूड तुकडे पायवाटेचे, लांब तुकडे घोडेवाटेचे. काळ्या तुटक रेषेने दाखवलेली वाट जमिनीवर दिसते एवढेच त्यातून कळते, तेथून जाण्याचा हक्क आहे असे नव्हे. याच संस्थेचा गुलाबी वेष्टनाचा ‘लँडरेंजर’ नकाशा १ : ५०,००० प्रमाणाचा असतो आणि सायकलप्रवासाला तो उत्तम आहे, परंतु त्यावर शेतांच्या सीमा नसतात. गावोगावी चालताना सर्वांत जास्त उपयोग या सीमांचाच होतो : कुंपण डाव्या हाताला ठेवायचे की उजव्या, याचा निर्णय नकाशावरची ती बारीक काळी रेषा करते, आणि चुकणारे बहुतेक लोक नेमके येथेच चुकतात.

फाटकावरचा पिवळा बाण कोणत्या कोनात ठोकला आहे, याकडेही नीट पाहावे. तो सहसा समोरच्या झुडपी कुंपणातील पुढच्या फाटकाच्या दिशेने रोखलेला असतो. तेथे ते फाटक किंवा फट शोधावी आणि मगच पाऊल उचलावे. हेच नकाशे फोनवरही मिळतात. ते घरूनच उतरवून घेतले तर नेटवर्क नसतानाही आपली जागा दिसते. दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क जाते आणि थंडीत बॅटरी लवकर संपते, म्हणून कागद खिशात असू द्यावा.

प्रश्न : शेजारचे गाव ८ किलोमीटरवर आहे. आम्ही दोघेही पासष्टीच्या पुढचे आहोत, पत्नीला गुडघेदुखी आहे. किती वेळ धरावा आणि तिला हे झेपेल का?

उत्तर : विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही वापरला जातो. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, म्हणजे १० मीटर चढाला एक मिनिट. आपल्या वाटेवर १२० मीटर चढ असेल, तर ९६ मिनिटे अधिक १२ मिनिटे, असे पावणेदोन तासांच्या थोडे वर येते. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि न थांबता चालण्याचा आहे. फाटके, चिखल, नकाशा पाहणे आणि विश्रांती धरून आपण तीन तास ठेवावेत. डिसेंबरच्या मध्यावर लंडनच्या आसपास दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो, हे तेथे नव्याने गेलेल्यांच्या ध्यानात येत नाही. रविवारी पुष्कळ खेड्यांत बस नसते. म्हणून शक्य तेथे आधी बसने शेजारच्या गावी जावे आणि घराच्या दिशेने चालत यावे. मग शेवटची बस चुकण्याची धास्ती उरत नाही.

गुडघ्यांना त्रास अंतरापेक्षा ‘स्टाइल’चा होतो. कुंपणात आडव्या फळ्या बसवून ते ओलांडण्यासाठी केलेल्या पायऱ्यांना तेथे स्टाइल म्हणतात. खांब धरून चढावे आणि उतरताना शिडीवरून उतरल्याप्रमाणे तोंड कुंपणाकडेच ठेवावे. ‘किसिंग गेट’ त्या मानाने सुखाचे : अर्धगोल कठड्यात झुलणाऱ्या फाटकातून एकेक माणूस निघतो, गुरे मात्र निघू शकत नाहीत. नव्या ब्रिटिश मानकानुसार शक्य तेथे मोकळी फट, नाही तर साधे फाटक असावे आणि स्टाइल हा शेवटचा पर्याय ठरावा अशी अपेक्षा आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी जुन्या स्टाइल काढून फाटके बसवली जात आहेत. स्टाइल नसलेल्या वाटांची माहिती काउंटी परिषदेकडे किंवा ‘रॅम्ब्लर्स’ या १९३५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या स्थानिक गटाकडे मिळू शकते.

पायांत घोटा धरणारे, तळ न घसरणारे बूट असावेत आणि उन्हाळ्यातही पूर्ण लांबीची पँट घालावी. जून-जुलैमध्ये कडेची नेटल ही दाहक वनस्पती कमरेपर्यंत वाढते आणि उंच गवतात गोचीड असतात. घरी आल्यावर अंग तपासावे. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. पुढील काही आठवड्यांत तेथे पसरत जाणारा लालसर डाग उठला, तर लाइम या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या रोगाच्या शंकेने डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : पायवाटेवर सायकल नेता येते का?

उत्तर : पिवळ्या बाणाच्या वाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नाही. निळ्या बाणाच्या वाटेवर आहे, मात्र पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यावी लागते.

प्रश्न : या वाटा इतक्या कशा टिकल्या? आणि काही वाटा दोन गावांच्या शिवेवर येऊन अचानक संपतात, त्या का?

उत्तर : मोटारी येण्यापूर्वी गरीब माणूस जिथे म्हणून जात असे, तिथे ही वाट जाते. चर्चला, गिरणीला, बाजाराला, मालकाच्या शेतावर. पुष्कळ ठिकाणी दफनाचा अधिकार एकाच मुख्य चर्चला असे, त्यामुळे दूरच्या वाड्यांतून मृतदेह खांद्यावरून तेथवर न्यावा लागे. वायव्य इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट या तळ्याडोंगरांच्या प्रदेशात रायडल ते ग्रासमिअर या दोन गावांमधली अशी वाट आज शेकडो लोक हौसेने चालतात. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यापासून शंभरेक वर्षे संसदेच्या कायद्यांनी सामाईक जमिनींना कुंपणे पडली आणि अनेक वाटा हलल्या किंवा मिटल्या. १८१५ च्या एका कायद्याने तर दोन न्यायदंडाधिकाऱ्यांनी ‘अनावश्यक’ ठरवलेली वाट बंद करण्याची सोय केली. हे दंडाधिकारी बहुधा जमीनदार वर्गातलेच असत, तेव्हा ‘अनावश्यक’ म्हणजे कोणाला, हे उघड आहे. त्याविरुद्ध यॉर्कमध्ये १८२४ साली आणि मँचेस्टरमध्ये १८२६ साली जुन्या वाटांच्या रक्षणासाठी संस्था निघाल्या. २४ एप्रिल १९३२ रोजी उत्तर इंग्लंडमधील किंडर स्काउटच्या डोंगरमाळावर कामगारांनी बंदी मोडून केलेला सामूहिक प्रवेश अधिक प्रसिद्ध आहे आणि त्यापायी पाच जणांना तुरुंगवास झाला. पण तो लढा मोकळ्या माळरानासाठी होता, गावांमधल्या वाटांसाठी नव्हे. या दोन गोष्टींची सरमिसळ नेहमी होते.

शिवेवर तुटणाऱ्या वाटांचे कारण १९४९ च्या कायद्यानंतर झालेल्या नोंदणीत आहे. वाटांची पाहणी बहुतांशी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांवर, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतींवर, सोपवली गेली. एखाद्या गावात कोणा निवृत्त शिक्षकासारख्या दक्ष माणसाने वाट न् वाट पायाखाली घालून यादी केली, तर शेजारच्या गावात कंटाळा झाला, किंवा यादी करणाऱ्यांतच वाट नको असलेला जमीनदार बसलेला होता. परिणामी एकाच वाटेचा अलीकडचा अर्धा भाग नोंदला गेला आणि पलीकडचा राहिला. कुठे अलीकडे ती घोडेवाट, तर शिवेपलीकडे केवळ पायवाट ठरली. वास्तविक दोन गावांना जोडणे हेच जिचे काम, ती वाट शेताच्या मध्यावर संपण्यासाठी कोणी पाडलेली नसणार. असा तुटलेला तुकडा आजही नोंदवून घेता येतो. १९८० च्या महामार्ग कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार लोकांनी एखादी वाट २० वर्षे अखंड, उघडपणे, बळजबरी न करता आणि परवानगी न मागता वापरली असेल, तर मालकाने ती सार्वजनिक केली असे गृहीत धरले जाते. मालकाचा तसा हेतू नव्हता हे दाखवणारा पुरेसा पुरावा असला, तर मात्र ते टिकत नाही. म्हणून अशी वाट वर्षानुवर्षे चालणाऱ्या स्थानिक वृद्धांच्या लेखी साक्षींना तेथे फार मोल आहे. जुने नकाशे आणि कुंपणांच्या काळचे निवाडेही पुरावा म्हणून चालतात.

प्रश्न : हेच नियम स्कॉटलंडला लागू आहेत का?

उत्तर : नाहीत. वेल्समध्ये चित्र इंग्लंडसारखेच आहे, पण स्कॉटलंडचा जमीन सुधारणा कायदा २००३ चा असून त्याने बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवर आणि पाण्यावर जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिला आहे. त्यात सायकल आणि घोडाही येतो. घराभोवतीची बाग आणि उभे पीक यांतून मात्र जाता येत नाही, शेताच्या कडेने जावे लागते. तेथे हिरव्या रेषेचा शोध घेत बसण्याचे कारण नाही.